सातपुड्याकडचे निवांत रस्ते आणि आपली सायकल

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत कोणी पाककृतीवर बोलते, कोणी बालसंगोपनावर, कोणी ओव्या म्हणून दाखवते. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी "सायकल" म्हटले. त्यांना वाटले, शाळेच्या मुलींना सरकार सायकली देते त्याविषयी ही बोलणार. तेही ओघाने येईलच. पण मला बोलायचे आहे ते आपल्यासारख्या चाळिशीतल्या बायकांच्या सायकलीविषयी, आणि त्याहून जास्त, ती जिथे चालवावी त्या रस्त्यांविषयी. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई आहे, तेव्हा जे पाहिले आणि जे वाचले ते सरळच सांगते.

आपल्या शहाद्यात पापड वाळत घालायला गच्चीवर चढले की उत्तरेला सातपुडा दिसतो. पावसाळ्यात निळा, चैत्रात धुरकट, थंडीत सकाळी इतका जवळ की हात लावावा. जन्मभर आपण तो पाहतो. पण त्याच्या पायथ्यापर्यंत सावकाश, आपल्या मनाने गेलेल्या आपल्यात किती निघतील? महाशिवरात्रीला तोरणमाळच्या यात्रेला गेलेल्या पुष्कळ असतील. जीपमध्ये दाटीने बसायचे, खिडकीची जागा पोरांना द्यायची, आणि आपल्या मांडीवर डब्यांची पिशवी. असा सातपुडा पाहिला काय आणि न पाहिला काय, सारखेच.

लांब आहे म्हणून आपण जात नाही असे मला वाटत नाही. बाई घराबाहेर पडते ती कामाला. दळण, भाजी, दवाखाना, मुलांच्या शाळेतली सभा, कोणाचे लग्न, कोणाच्या दारावर जाणे. "कुठे चाललीस?" असे कोणी विचारले तर उत्तर तयार असले पाहिजे, आणि त्या उत्तरात कोणाचे तरी काम असले पाहिजे. पुरुष माणूस चौकात तासभर उभा राहिला तर त्याला कोणी हटकत नाही. माझे मागणे फार नाही. महिन्यातून एखादा रस्ता बाईच्या वाट्याला बिनकामाचा यावा, एवढेच. आणि असा रस्ता आपल्याला दहा-बारा किलोमीटरवर आयता आहे.

आता मुलींच्या सायकलीचे सांगते. मानव विकासच्या योजनेतून खेड्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. सकाळी सकाळी दोन वेण्या घातलेल्या मुलींची रांग सायकलीवरून येताना पाहिली की डोळ्यांना बरे वाटते. पण बारावी झाली की त्या सायकलीचे काय होते ते आपण सगळ्या जाणतो. धाकटा भाऊ घेतो, नाहीतर मागच्या अंगणात ती गंजत उभी राहते आणि तिच्या हँडलला लसणाच्या जुड्या टांगतात. सासरी सायकल घेऊन गेलेली मुलगी मी अजून पाहिली नाही. भांडी जातात, कपाट जाते, शिवणयंत्र जाते. सायकल तेवढी राहते. ज्या मुलीने पाच वर्षे रोज जाऊन-येऊन आठ-दहा किलोमीटर पायडल मारले, ती विसाव्या वर्षी दुसऱ्याच्या गाडीवर मागे एका बाजूला पाय सोडून बसते. मला हे बघवत नाही.

बाहेरची दोन उदाहरणे वाचनात आली ती सांगते. तामिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा जिल्हा आहे. १९९१ च्या सुमारास तिथे साक्षरतेची मोहीम निघाली. त्या वेळच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवायचे ठरवले. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया अशा हजारोंनी सायकल शिकल्या. लेडीज सायकली दुकानात मिळेनात तेव्हा त्यांनी दांड्याच्या पुरुषी सायकली घेतल्या. वर म्हणाल्या की हेच बरे, दांड्यावर मूल बसवता येते! दुसरे उदाहरण आपल्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचे. विशीतल्या या मुलीने २०१८ साली सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर. कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटले, तरी ती थांबली नाही. आपल्याला काही पृथ्वी फिरायची नाही. पायथ्यापर्यंत जाऊन दुपारच्या स्वयंपाकाला परत यायचे आहे.

तर आता रस्ते.

पहिली गोष्ट, मोठे रस्ते सोडा. आपल्या गावावरून बऱ्हाणपूर-अंकलेश्वरचा रस्ता जातो, आणि नंदुरबारहून प्रकाशावरून येऊन खेतियाकडे जाणाराही जातो. प्रकाशाला केदारेश्वराच्या दर्शनाला सायकलीवर जावे असे वाटते खरे, पण त्या रस्त्यावर ट्रकांची रीघ असते. उसाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला. तिथे सायकल नको. प्रकाशाला आपण बसनेच जाऊ.

सायकलीचे रस्ते उत्तरेकडचे. गोमाई ओलांडून लोणखेड्याच्या पुढे, म्हसावदच्या बाजूला जो मुलूख आहे तो. म्हसावदचा थेट रस्ताही सकाळी दहानंतर गजबजतो; पण त्याच्या आजूबाजूला गावागावांना जोडणारे जे लहान डांबरी रस्ते आहेत त्यांवर सकाळी सात वाजता बैलगाडी, दूधवाला आणि शेळ्या यांखेरीज कोणी भेटत नाही. तसेच दुसऱ्या अंगाला असलोद, मंदाण्याकडचे. तिकडेही डोंगर हळूहळू समोर उभा राहतो.

या रस्त्यांची एक मोठी सोय आहे, ती मला सायकल चालवल्यावरच कळली. आपला सगळा प्रदेश सातपुड्याकडून तापीकडे उतरता आहे. गोमाई काय, सुसरी काय, पाणी शेवटी तापीकडेच धावते. हा उतार मोटारीत कळत नाही, नुसत्या डोळ्यालाही दिसत नाही, पण मांड्यांना बरोबर कळतो. म्हणजे असे की, सकाळी ताजेतवाने असताना चढ लागतो आणि दमून परत येताना सायकल आपोआप घराकडे धावते. देवाने जणू बायकांची सोय पाहूनच हा मुलूख बनवला! दक्षिणेला तापीकडे गेलात तर उलटे होईल. येताना चढ, आणि डोक्यावर ऊन.

हळू गेल्याने काय दिसते ते सांगते. शहाद्याजवळ जमीन काळी, खोल, तापीच्या गाळाची. केळी, पपई, ऊस. पपईच्या बागेजवळून जाताना कच्च्या चिकाचा उग्र वास येतो, केळीजवळून गेले की अंगाला गार लागते, जणू कोणी ओले फडके फिरवले. सात-आठ किलोमीटर गेल्यावर कापूस आणि मका वाढतात, मधूनच दादरचे वावर. मग जमिनीत दगड दिसू लागतात, बांधावर पळस, आणि विहिरी विरळ होतात. कोणी पाटी लावलेली नसते, पण पाण्याची श्रीमंती कुठे संपली ते पिके बघून कळते. डोंगरात चढल्यावर तर मोर आणि बर्टी, म्हणजे आपल्या उपवासाच्या भगरीच्या जातीची बारीक धान्ये, पावसाच्या भरवशावर पेरलेली. बसमधून या तीन पट्ट्या एकाच हिरव्या रंगात निघून जातात. उपवासाला आपण भगर शिजवतो. असले धान्य डोंगरात कुठे उभे असते ते निदान एकदा पाहावे.

जंगलाविषयी मात्र कोणाची फसवणूक नको. पुस्तकातल्यासारखे घनदाट अरण्य पायथ्याशी राहिलेले नाही. बरेच डोंगर उघडे आहेत, उन्हाळ्यात तर नुसते तपकिरी. साग आहे, तो माघ-फाल्गुनात पाने टाकतो, आणि मग रस्त्यावर त्या मोठ्या पानांवरून चाक गेले की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. पळस फुलतो तो होळीच्या आधी. त्यानंतर मोह. पहाटे मोहाची फुले टपटप पडतात आणि पावरा-भिलांच्या बायका, पोरी टोपल्या घेऊन वेचायला येतात. त्या गोड, जरा आंबूस वासातून सायकलीने जाणे मला फार आवडते. सगळ्यात सुंदर दिवस म्हणाल तर श्रावण-भाद्रपदाचे. डोंगर अंगभर हिरवा, नाले वाहते. पण पाऊस उघडलेला असेल तरच निघावे, आणि फरशीवरून पाणी जात असेल तर घोटाभर का असेना, सायकल त्यात घालू नये.

आमची आवडती फेरी उनपदेवची. दरा गावाच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत गरम पाण्याचा झरा आहे, तो आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिला असेल. शहाद्याहून पंचविसेक किलोमीटर. एवढे एका दमात जाणे पहिल्याच महिन्यात करू नये. आम्ही पाच-सहा जणी दिवाळीनंतर सुरुवात केली, तेव्हा पहिले तीन रविवार आठ-आठ किलोमीटरच गेलो आणि परत फिरलो. चौथ्या रविवारी म्हसावदच्या अलीकडे झाडाखाली दशम्या आणि तिळाची चटणी खाल्ली. उनपदेवला पोचलो ते माघात. थंडीच्या सकाळी, पायडल मारून दुखणारे पाय त्या गरम पाण्यात सोडून बसलो तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या बाई म्हणाल्या, "लग्नाला बत्तीस वर्षे झाली, पायाला गरम पाणी कोणी दिले नव्हते, डोंगराने दिले." आम्ही सगळ्या हसलो. पण मग थोडा वेळ कोणी बोलले नाही.

तोरणमाळचे वेगळे. अंतर पन्नासाच्या वर, आणि राणीपूरच्या पुढे जो घाट सुरू होतो तो सातपायरीच्या वळणांनी चढत जातो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच, म्हणजे आपल्या गावापासून हजार मीटरच्या आसपास चढायचे. गिअरच्या सायकली घेऊन तरुण मुले चढतात, चढोत बापडी. आपल्या साध्या सायकलीला ते जमायचे नाही, आणि उतरताना तर मुळीच नको. लांब उतारावर ब्रेकचे रबर तापते, झिजते आणि नेमक्या वळणावर धरेनासे होते. म्हणून तोरणमाळसाठी माझी सूचना अशी: सायकली जीपच्या टपावर बांधून वर न्याव्या आणि वरच्या सपाटीवर चालवाव्या. यशवंत तलावाच्या काठाने, कमळांच्या तळ्याकडे, सीताखाईकडे. वरचा माळ मोकळा आहे, वारा गार आहे, आणि यात्रेचे चार दिवस सोडले तर रस्ते रिकामे. सीताखाईच्या कड्यापाशी सायकल लांबच उभी करून पायी जावे. तिथे उभे राहिले की ध्यानात येते, आपण आजवर सातपुड्याची एकच बाजू पाहिली. या डोंगराच्या अलीकडचे पाणी तापीला मिळते, पलीकडचे नर्मदेला. नर्मदेकाठची अक्कलकुवा आणि अक्राणीची ३३ गावे सरदार सरोवराखाली बाधित झाली, आणि तिथल्या कितीतरी कुटुंबांची घरे आज आपल्या तालुक्यात वडछीलसारख्या ठिकाणी आहेत. तिकडून जाताना वेग कमी करावा, आणि कोणी बोलले तर थांबावे.

वागण्याचे दोन शब्द इथेच सांगते. पाड्यावरून जाताना फोन काढून लोकांच्या घरांचे, उघड्या पोरांचे फोटो घेऊ नयेत. आपल्या अंगणात कोणी अनोळखी उभी राहून फोटो काढू लागली तर आपल्याला चालेल का? पाणी मागावे, ते कोणी नाकारत नाही. एकदा पायथ्याच्या गावात एका म्हातारीने आम्हाला थांबवून विचारले, "काय इकाले उन्यात व माय?" काय विकायला आलात! बाया सायकलीवर आल्या म्हणजे बांगड्या, नाहीतर बचत गटाचा मसाला असणार, हा तिचा हिशेब. आम्ही म्हटले, काही नाही आजी, नुसत्या फिरायला. तिने पुन्हा विचारले, आम्ही पुन्हा तेच सांगितले. मग ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की घरातल्या सुना बाहेर आल्या. आम्हाला तिने ताक दिले.

आणि रस्त्यावर बाई ही काही आमच्यापासून सुरू झालेली गोष्ट नाही. १९७२-७३ च्या सुमारास याच शहादा तालुक्यातल्या आदिवासी बायका गावोगाव पायी फिरल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. तेव्हा हे रस्ते डांबरी नव्हते, हातात विजेरी असेल नसेल. त्या कामासाठीच निघाल्या होत्या, आणि केवढ्या मोठ्या! आज त्याच रस्त्यांवरून आपण नुसत्या वाऱ्यासाठी जाऊ शकतो, त्यात त्यांचे काहीतरी देणे आहे असे मला वाटते.

आता भीतीचे. पहिली भीती बिबट्याची, आणि ती खोटी नाही. आपल्या भागात उसात बिबटे येतात. म्हणून पूर्ण उजाडल्याशिवाय निघू नये, दिवेलागणीच्या आत घरी असावे, उसाच्या फडाला लागून थांबू नये आणि एकटीने जाऊ नये. घंटी वाजवत, गप्पा मारत जावे. बायकांना हे शिकवावे लागत नाही. दुसरी भीती कुत्र्यांची. कुत्रे मागे लागले की जोरात पळवू नका, उतरा, सायकल मध्ये धरा आणि दरडावून बोला. तिसरी पंक्चरची. बाभळीचा आणि बोरीचा काटा हा या रस्त्यांचा कायमचा पाहुणा. एकीजवळ हवेचा पंप, एकीजवळ चिकटवायची पट्टी आणि सोल्यूशन असले की काम भागते. चाक खोलून ट्यूब बाहेर काढून पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे बघणे हे पोळीवरचा फुगा बघण्याइतकेच सोपे आहे. दुकानदार पोरगा पहिल्यांदा शिकवायला लाजला, मग त्यानेच दोनदा करून घेतले.

कपड्यांचे म्हणाल तर, पंजाबी ड्रेस उत्तम. ज्यांना साडीच नेसायची आहे त्यांनी पाचवारी जरा वर नेसावी, पदर खोचावा, आणि साखळीवर पूर्ण झाकण असलेली सायकल घ्यावी. नाहीतर निऱ्या साखळीत जातात आणि बाई रस्त्यावर. ओढणीलाही तीच ताकीद. दागिने घरी. पाणी दोन बाटल्या, गूळ-शेंगदाणे, डोक्याला रुमाल. फाल्गुन संपला की बंद करावे. आपल्याकडच्या वैशाखात डांबर मऊ होते, तिथे माणसाची काय कथा. सीट उंच ठेवा. पाय पूर्ण टेकावा म्हणून बायका सीट खाली करून घेतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकलच सोडतात. पायडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा.

राहिले घरचे. "लोक काय म्हणतील" हे आपण लोकांच्या आधी आपल्यालाच म्हणतो. आमच्याकडे पहिल्या रविवारी सासूबाईंनी तोंड फिरवले. दुसऱ्या रविवारी म्हणाल्या, पोरांचा नाश्ता करून जा. उनपदेवहून आल्यावर त्यांनी विचारले, देवळाजवळचे ते मोठे झाड अजून आहे का? लग्नाआधी त्या आईबरोबर बैलगाडीने तिथे गेल्या होत्या, म्हणे. पन्नास वर्षांत त्यांना ते कोणी विचारले नव्हते. सगळ्याच घरांत असे होईल असे मी म्हणत नाही. आमच्यातल्या एकीला तिसऱ्या रविवारनंतर येऊ दिले नाही. तिची सायकल तिने मंडळाच्या पडवीत आणून ठेवली आहे, विकली नाही. ज्या बाईकडे सायकल नाही तिने ती न्यावी, असा तिचा निरोप आहे.

बारावी झालेल्या मुलींच्या आयांना माझी एक विनंती आहे. मुलीच्या रुखवतात जे काय मांडाल ते मांडा, पण तिची सायकल दुरुस्त करून, तेलपाणी करून तिच्याबरोबर पाठवा. व्याही हसतील. हसू द्या. ती कदाचित वापरणार नाही, पण ती तिच्या दारात उभी असेल.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही लोणखेड्याच्या पुढे निघणार आहोत, जायचे आठ किलोमीटर आणि तितकेच परत. दशम्या ज्याच्या त्याने आणाव्या. ज्या बाईंची सायकल माळ्यावर आहे त्यांनी ती शनिवारीच खाली काढावी. हवेचा पंप माझ्याकडे आहे.